आतून लावलेली कडी

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समोरचा प्रश्न होता अंबादेवीच्या देवळाच्या दाराचा. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १९५६ मध्ये नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्माच्या नव्या घरात पाऊल ठेवलं. बंद दार ठोठावत राहायचं की आपलं घर वेगळं बांधायचं, हा पेच वऱ्हाडाने अगदी जवळून पाहिला आहे.

ही गोष्ट वेगळ्या माणसांची आहे. समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्रिया यांनी महाराष्ट्रात एकमेकांना भेटायला जागा कशा उभ्या केल्या, त्यात कुणाला घेतलं, कुणाला बाहेर ठेवलं आणि बाहेर राहिलेल्यांनी पुढे काय केलं, त्याची. जातीच्या छळाशी तिची बरोबरी मी करत नाही. पण दाराचा पेच तोच आहे, आणि तो समजून घ्यायला अमरावती-अकोल्याच्या वाचकाला बाहेरून काही उसनं आणावं लागत नाही.

मराठीत या माणसांना मिळालेली पहिली जागा कागदाची होती. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं निघालं. त्यात वाचक आपल्या लैंगिक अडचणी विचारत आणि कर्वे नीट, न लाजता उत्तरं देत. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचेही प्रश्न असत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबईत त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड भरावा लागला, पण मासिक चालू राहिलं. विचारणाऱ्याला निदान एक पत्ता माहीत होता. कर्वे गेले आणि तो पत्ताही गेला.

त्यानंतरची बरीच वर्षं भेटीगाठी चालल्या त्या आडोशाला. मुंबईत लोकलचे डबे, बागा, स्टेशनची मुतारी. गावाकडे बसस्टँड, सिनेमा थिएटरची मागची रांग, गावाबाहेरचा रस्ता. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या सगळ्या जागा पुरुषांच्या आहेत. पुरुषाला रात्री दहा वाजता पानठेल्यावर उभं राहता येतं आणि त्याला कुणी ‘इथं काय करून राह्यला?’ असं विचारत नाही. बाईला तो ठेलाच नाही. तिच्या वाट्याला आलेल्या जागा म्हणजे हळदीकुंकू, पाणवठा, आणि आपल्याकडे भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मुली एकत्र जमतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. मुलींनीच चालवलेली अशी जागा वऱ्हाडात दुसरी नाही. पण लग्न झालं की तिथलं नाव कमी होतं. जिला लग्नच करायचं नाही, जिचा जीव मैत्रिणीत अडकला आहे, तिच्यासाठी त्यापुढे जागा नव्हती.

मराठी रंगभूमीने ही बाई १९८१ मध्ये दाखवली. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या. नाटक धाडसाचं होतं, पण त्यातली मित्रा एकटी आहे. तिच्यासारखी दुसरी कुणी तिला भेटत नाही आणि शेवटी ती जीव देते. प्रत्यक्षातही वर्तमानपत्रात अशा बायकांची बातमी यायची ती बहुधा याच रूपात: दोन मैत्रिणींनी एकत्र आत्महत्या केली, कारण समजू शकलं नाही. पुढे कार्यकर्त्या बायकांनी लहान गावांतल्या अशा बातम्यांची कात्रणं वर्षानुवर्षं जमवली.

मग १९८७ च्या डिसेंबरात मेळघाट ओलांडला की लागणाऱ्या मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन स्त्रियांनी एकमेकींशी लग्न केलं. दोघींना नोकरीवरून काढलं गेलं, पण बातमी देशभर गेली. त्याआधी एक वर्ष, १९८६ मध्ये, पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘सॅव्ही’ या मासिकात आपण समलिंगी असल्याचं नावानिशी सांगितलं होतं. एकीकडे मोठ्या शहरातला इंग्रजी लिहिणारा पुरुष, दुसरीकडे साध्या नोकरीतल्या दोन बायका. एकाच्या धाडसातून संस्था उभी राहिली आणि दुसऱ्या दोघींची नोकरी गेली. दोन्हीकडच्या हिमतीत फरक नव्हता. फरक पायाखालच्या जमिनीत होता.

राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं. पोस्टाने जाणारं नियतकालिक असल्यामुळे ते मुंबईपुरतं राहिलं नाही. त्यात पत्रमैत्रीच्या जाहिराती असत आणि लहान गावांतून पत्रं येत. कर्व्यांचा पत्ता गेल्यापासून जो पत्ता नव्हता, तो पुन्हा मिळाला. १९९४ मध्ये राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी हमसफर ट्रस्ट स्थापन केला. पुढे सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत संस्थेला जागा मिळाली. समलिंगी माणसांना हक्काने जाऊन बसता येईल अशी जागा, तीही सरकारी इमारतीत, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण ताकदीने लागू असताना! हे शक्य झालं ते एचआयव्हीमुळे. साथ रोखायची तर या पुरुषांपर्यंत पोचलं पाहिजे, आणि त्यांच्यातलीच माणसं त्यांच्यापर्यंत पोचू शकतात, हे पालिकेलाही पटलं.

पण दार कोणत्या किल्लीने उघडलं, यावर आत कोण येणार हे ठरलं. एचआयव्हीच्या कार्यक्रमात जोखमीचे गट ठरलेले होते. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, म्हणजे कागदोपत्री ‘एमएसएम’, आणि नंतर तृतीयपंथी. बाईवर प्रेम करणारी बाई जोखमीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. तिच्यासाठी निधी नव्हता, केंद्र नव्हतं, बैठकीला जाण्यायेण्याचं भाडंही नव्हतं. कुणी ठरवून तिला हाकललं असं नाही. पैशाचा ओघ ज्या उताराने वाहिला त्या उतारावर ती नव्हती.

१९९४ च्या डिसेंबरात मुंबईत समलिंगी पुरुषांची परिषद भरणार होती, तेव्हा ती रोखावी म्हणून पंतप्रधानांना पत्र गेलं. लिहिलं होतं ‘नॅशनल फेडरेशन ऑफ इंडियन वुमन’ या डाव्या महिला संघटनेच्या विमला फारुकी यांनी. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. समलिंगी स्त्रीपुढे तेव्हा दोनच मोठी घरं होती. एक समलिंगी पुरुषांचं, जिथे तिची गरज कुणाच्या आराखड्यात नव्हती. दुसरं स्त्रीचळवळीचं, जिथल्या एका मोठ्या दालनात हा विषयच परका आणि घातक मानला जात होता.

तरी तिचा रस्ता निघाला तो दुसऱ्याच घरातून, आणि तो रस्ता विदर्भातून जातो. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, आणि १९८० मध्ये मुंबईत बायकांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला. तोच पुढे ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ वुमन’ झाला. हा गट कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधलेला नव्हता. बाईचं शरीर तिचं आहे, यापासून सुरू झालेलं बोलणं ‘मग तिने प्रेम कुणावर करावं?’ इथवर येणं अटळ होतं. ते यायला वेळ लागला. स्वायत्त स्त्री-गटांच्या १९९० च्या कालिकत परिषदेत हा विषय निघाला तो ‘एकट्या स्त्रिया’ या आडपडद्याने.

१९९५ मध्ये या वर्तुळातल्या काही जणींनी मुंबईत ‘स्त्री संगम’ सुरू केला, समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रियांसाठी. तो फक्त स्त्रियांसाठी होता. पुरुषांना, मग ते समलिंगी का असेनात, तिथे जागा नव्हती.

यावर तेव्हा नाराजी झाली आणि आजही होते. कायदा दोघांच्या विरोधात, समाज दोघांच्या विरोधात, मग चूल वेगळी कशाला? प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर मला सापडतं ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात. बीना फर्नांडिस आणि गोमती एन. बी. यांनी समलिंगी स्त्रियांवरच्या हिंसेचा शोध घेतला, तेव्हा ती हिंसा मुख्यतः घरातून येताना दिसली. आईवडील, भाऊ, नवरा. पुरुषाला भीती बाहेरची: पोलीस, खंडणीखोर, गुंड. त्याला घराबाहेर एक सुरक्षित कोपरा मिळाला की पुष्कळ झालं. बाईची भीती घरातच बसलेली. तिचा फोन कोण उचलतं, पत्र कोण फोडतं, रविवारी ती कुठे निघाली हे कोण विचारतं, तिथून तिची अडचण सुरू होते. अशी बाई मोठ्या हिकमतीने दोन तास काढून एखाद्या खोलीत आली, तर तिला पहिल्यांदा हवी असते आतून लावता येणारी कडी. बाहेरून घातलेली कडी तिला जन्मापासून माहीत होती.

या वेगळेपणाला जगात जुना वंश आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रीवाद्यांच्या परिषदेत लेस्बियन स्त्रियांनी व्यासपीठ ताब्यात घेतलं होतं, कारण त्यांचं नाव घ्यायलाही बायकांची चळवळ तयार नव्हती. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये ‘फ्युरीज’सारखे गट निघाले, जे पुरुषांपासूनच काय, पुरुषांसोबत राहणाऱ्या बायकांपासूनही वेगळे राहू पाहत होते. मुंबईच्या बायका तिथवर गेल्या नाहीत. त्या फोरममध्ये राहिल्या, मोर्च्यांत राहिल्या. खोली वेगळी ठेवली, पण अंगण एकच ठेवलं.

१९९८ मध्ये ते अंगण पेटलं. दीपा मेहतांच्या ‘फायर’ चित्रपटात एकाच घरातल्या दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात. २ डिसेंबरला मुंबईत शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांवर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीतही तोडफोड झाली. विरोधात कलावंत, वकील, महिला संघटना, सगळे उभे राहिले. पण बरेच जण उभे होते ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने. त्या गर्दीत ‘लेस्बियन’ हा शब्द उच्चारला तर मुद्दा भरकटेल, अशी समजूत घातली गेली. दिल्लीच्या निदर्शनांत काही जणींनी तो शब्द फलकावर लिहून उंच धरला आणि त्यातून लेस्बियन हक्कांची मोहीम उभी राहिली. मोठ्या घरात जागा मिळते, पण आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून यावं लागतं, हे त्या बायकांनी तेव्हा अनुभवलं. त्याच वर्षी ‘स्त्री संगम’च्या ‘स्क्रिप्ट्स’ या नियतकालिकाची सुरुवात झाली होती.

आता पुरुषांच्या घरातलं पाहू. १९९८ मध्येच ‘गे बॉम्बे’ हा गट निघाला. आधी इमेलवर, मग रविवारच्या भेटी, मग शहरातल्या हॉटेलांत पार्ट्या. नोकरदार, इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांना या पार्ट्यांनी मोकळा श्वास दिला. पण बाईच्या वेशात येणाऱ्यांना तिथे मनाई होती. हॉटेलवाले बिथरतात, पोलीस येतात, असं कारण सांगितलं जाई. या मनाईवर गटात बराच वाद झाला आणि परमेश शहाणी यांच्या ‘गे बॉम्बे’ (२००८) या पुस्तकात त्याचा मागोवा आहे. ज्यांना अडवलं जात होतं त्यांना बोलीत ‘कोती’ म्हणतात: चालण्याबोलण्यात बाईपण असलेले, बहुतेक गरीब घरांतले, मराठी-हिंदी बोलणारे. रस्त्यावरचा मार आणि पोलिसांचा हात सगळ्यात आधी त्यांच्या वाट्याला येतो, कारण त्यांना लपता येत नाही. ज्यांना लपता येत होतं त्यांनी आपल्या खोलीचं दार त्यांच्यावर बंद केलं. कारण समजतं, तरी मला ते बरोबर वाटत नाही. स्त्रियांच्या खोलीची कडी अशक्तांनी सशक्तांपासून स्वतःला वाचवण्यासाठी होती. इथे ती सशक्तांनी लावली होती.

भाषेचं दार त्याहून जड होतं. ते पहिल्यांदा जोर लावून उघडलं पुण्यात. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. त्यांनी मराठीत ‘पार्टनर’ ही कादंबरी लिहिली, ‘इंद्रधनु’सारखं माहितीचं पुस्तक लिहिलं, ‘मनाचिये गुंती’त समलिंगी मुलांच्या आईवडिलांना बोलतं केलं. अकोल्याच्या एखाद्या बापाला मुलगा काय सांगतो आहे हे समजून घ्यायचं असेल, तर त्याच्या हातात ठेवता येईल असं काहीतरी मराठीत आलं. डिसेंबर २०११ मध्ये पुण्याची पहिली प्राइड मिरवणूक निघाली. मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून ती १६ ऑगस्ट २००८ ला निघालीच होती, आणि त्या रस्त्यावर समलिंगी पुरुष, स्त्रिया, हिजडे, कोती सगळे एकत्र चालले. खोल्या वेगळ्या असलेल्यांना रस्ता एकत्र आणू शकला.

स्त्रियांच्या खोलीला मात्र खरी कसोटी आतूनच लागली. ‘स्त्री संगम’ २००२ पासून ‘लेबिया’ या नावाने काम करू लागला. सरकारी किंवा परदेशी पैशाविना, जमलेल्यांच्याच खिशातून चालणारा हा गट. ‘फक्त स्त्रियांसाठी’ असलेल्या त्या खोलीत वर्षानुवर्षं येणाऱ्यांपैकी काही जण सांगू लागले, की मुलगी म्हणून मला जगाने वाढवलं, पण मी बाई नाही. काहींना आपण पुरुष आहोत असं ठाम वाटत होतं, काहींना दोन्ही शब्द अपुरे पडत होते. त्यांना कुठे पाठवायचं? ते बाहेरून आलेले नव्हते. खोली उभी करणाऱ्यांपैकीच ते होते.

असाच प्रश्न अमेरिकेत मिशिगनच्या स्त्रीसंगीत महोत्सवापुढे होता. १९७६ पासून दरवर्षी हजारो बायका तिथे रानात तंबू ठोकून जमत. जन्माने स्त्री असलेल्यांनाच प्रवेश, या धोरणावर आयोजक ठाम राहिले. १९९१ मध्ये एका ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्मावेळी मुलगा ठरवल्या गेलेल्या स्त्रीला, बाहेर काढलं गेलं, फाटकाबाहेर निषेधाचे तंबू पडले आणि २०१५ मध्ये महोत्सव कायमचा थांबला. कित्येक बायकांच्या आयुष्यातली एकमेव मोकळी जागा गेली. त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही.

आपल्याकडे वेगळं घडलं. स्वायत्त स्त्री-गटांच्या २००६ च्या कोलकाता परिषदेआधी ट्रान्स स्त्रियांनी यावं का, यावर कडाक्याची चर्चा झाली आणि स्वतःला स्त्री मानणाऱ्यांना दार उघडलं गेलं. ‘लेबिया’ने आपली ओळख बदलून ट्रान्स व्यक्तींना तीत सामावलं. मग त्यांनी मुलगी म्हणून वाढवल्या गेलेल्या पन्नास जणांच्या जीवनकहाण्या देशभरातून गोळा केल्या. २०१३ मध्ये अहवाल आला आणि २०१५ मध्ये त्यावरचं पुस्तक. त्या पन्नासांच्या बोलण्यातून दिसतं, की शाळेचा गणवेश, वसतिगृह, मुतारी, नोकरीची मुलाखत, प्रत्येक ठिकाणी ‘बाई की पुरुष?’ हे विचारणारं एक दार उभं असतं. वेगळी खोली मोडली नाही. कडी कुणासाठी लावायची, एवढं नव्याने ठरलं.

या सगळ्यात वऱ्हाड कुठे होतं? खोल्या मुंबई-पुण्यात होत्या. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसायचं आणि सकाळी दादरला उतरायचं, हे पुरुषाला कामाच्या निमित्ताने जमे. बाईला त्यासाठी भावाला काय सांगायचं इथपासून तयारी. एचआयव्हीच्या कामाने जवळच्या शहरांत थोडी हालचाल आणली. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ उभा राहिला आणि २०१६ च्या मार्चमध्ये संत्रानगरीत पहिली प्राइड निघाली. तोवर हातात मोबाइल आला होता. पण मोबाइलने पुरुषाला पुरुष जितका सहज दाखवला, तितकी बाईला बाई दाखवली नाही. घरातल्या मुलीचा मोबाइल घरातले सगळेच पाहतात.

३० डिसेंबर २०१७ ला यवतमाळच्या एका हॉटेलात लग्न लागलं. मुलगा यवतमाळचा, आयआयटीत शिकलेला, अमेरिकेत नोकरी करणारा, आणि त्याचा जोडीदार व्हिएतनामचा. सत्तर-ऐंशी पाहुणे होते. कलम ३७७ तेव्हा लागू होतं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला होता आणि ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल अजून आठ महिन्यांवर होता. तरीही लग्न लागलं ते गावात, नात्यागोत्यातल्या माणसांसमोर.

दोन बायकांचा तसाच सोहळा विदर्भाने पाहिला तो चार वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, नागपुरात. दोघी डॉक्टर. घरच्यांच्या साक्षीने त्यांनी एकमेकींना अंगठ्या घातल्या आणि फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोड्यांना विवाहाचा हक्क नाकारला, त्यामुळे कागदावर त्या दोघी आजही एकमेकींच्या कुणी नाहीत. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. सकाळच्या एसटीने निघालं तर दिवेलागणीआधी घरी परतता येतं, आणि कुठे गेली होतीस असं विचारलं तर सांगायला नागपुरात कामं पुष्कळ असतात.